साठीनंतर गळा का बदलतो आणि त्यातलं किती परत मिळतं

प्रश्न थोडक्यात असा. आई ६१ वर्षांच्या, सोलापुरात महिला भजनी मंडळात कितीतरी वर्षं गातात, पट्टी काळी ४ (म्हणजे षड्ज पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर). गेल्या दोन-तीन वर्षांत तार षड्जाला (वरच्या सप्तकातल्या सा ला) आवाज फुटतो, एका चरणात दोनदा श्वास घ्यावा लागतो आणि फोनवर समोरचा माणूस "हां काका, बोला" म्हणतो. वडील ६८ वर्षांचे, पूर्व भागात यंत्रमागावर आयुष्य गेलं, अभंग छान म्हणायचे. त्यांचा आवाज उलट बारीक आणि चिरका झालाय, आणि त्यात भर म्हणून गातात मोठ्याने. दोघांनी आता गाणं थांबवावं का, की काही करता येईल?

थांबवायचं कारण यात दिसत नाही. पण "वय झालं" या दोन शब्दांत तुम्ही जे कोंबलंय त्यात निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत: गळ्याचं खरोखरचं वय, वयाच्या आडून आलेले आजार आणि औषधं, आणि तिशीत ठरवलेली पट्टी साठीतही ओढत राहण्याची सवय. पहिलीवर आपला इलाज मर्यादित, दुसरीवर डॉक्टरांचा, तिसरीवर पूर्णपणे तुमचाच. आणि सगळ्यात जास्त नुकसान बहुतेक वेळा ही तिसरीच करते.

आधी आत काय होतं ते पाहू, कारण आई आणि वडील यांचे आवाज उलट दिशांना का गेले ते त्यात आहे. बायकांचे स्वरतंतू साधारण सव्वा ते पावणेदोन सेंटिमीटर लांबीचे, पुरुषांचे पावणेदोन ते अडीच. काळी ४ चा षड्ज लावला की आईंचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०८ वेळा एकमेकांवर आपटतात, तार षड्जाला ४१५ वेळा, तार पंचमाला ६२२ वेळा. एवढ्या वेगात ते थरथरू शकतात कारण त्यांचं अस्तर अगदी पातळ असतं, त्याखाली जेलीसारखा मऊ थर असतो आणि त्याच्या खाली स्नायू. गाताना मुख्यतः वरचे थर लाटेसारखे हलतात आणि स्नायू ताण कमी-जास्त करतो.

पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटतं. मग तो मऊ थर किंचित सुजल्यासारखा जाड आणि जड होतो. जड तंतू सावकाश हलतो, म्हणून आवाज खाली उतरतो आणि वरचे स्वर सुटतात. आईंचा आवाज "काकांसारखा" होण्याचं साधं कारण बहुधा हेच. पुरुषांत उलटा प्रकार होतो. साठीनंतर स्नायू बारीक होतो, तंतूची कड धनुष्यासारखी आत वाकते, दोन्ही तंतू मधोमध नीट मिटत नाहीत आणि फटीतून हवा निसटते. तंतूचं वजन घटल्यामुळे आवाज चढतो, बारीक होतो आणि त्यात हवेची खरखर मिसळते. बायकांतही पुढे, सत्तरीच्या आसपास, ही फट पडते. तेव्हा जड आवाजाला पोकळपणाही येतो.

स्वरयंत्राच्या कूर्चा तर विशी-तिशीपासूनच हळूहळू हाडासारख्या कडक व्हायला लागतात. म्हणून तिशीत मंद्रातून (खालच्या सप्तकातून) तारेत झर्रकन जाणारा गळा साठीत वाटेत अडखळतो, बहुधा मध्य धैवत-निषादाच्या आसपास. तिथे आवाजाची बैठक बदलते आणि कडक सांधा ती बदलायला वेळ घेतो. तुम्ही ज्याला "फुटणं" म्हणता ते बहुतेक वेळा इथलंच असतं, ऐकू मात्र तार षड्जावर येतं.

आता श्वास. तिशीनंतर फुफ्फुसाची जोरात हवा बाहेर टाकायची ताकद वर्षाला २५ ते ३० मिलिलिटरने घटते. साठीपर्यंत पाऊण लिटर किंवा थोडं जास्त गेलं असं धरा. हे कमी नाही, पण अभंगाचं एक चरण म्हणायला पुरेल एवढी हवा तरीही उरते. मग दम का लागतो? कारण हवा गळतेय. तंतू मिटत नसतील तर छाती कितीही भरा, निम्मी हवा आवाज न होताच निघून जाते. म्हणूनच "प्राणायाम वाढवा, दम वाढेल" हा सल्ला अर्धवट आहे. प्राणायाम जरूर करा, पण आधी गळती थांबवा.

गळती आहे का ते घरी बसून कळतं. आरामात श्वास घेऊन, नेहमीच्या बोलण्याच्या उंचीवर "आ" धरा आणि घड्याळ लावा. तीनदा करा, सगळ्यात मोठा आकडा घ्या. निरोगी बाईला साधारण १५ ते २० सेकंद, पुरुषाला २० ते २५ यायला हरकत नाही. १० च्या खाली आला तर तंतू नीट मिटत नाहीत असं समजून चाला. मग एका श्वासात नुसता "स्‌स्‌स्" किती वेळ काढता येतो ते पाहा, आणि दुसऱ्या श्वासात घशातून आवाज लावून "झ्‌झ्‌झ्" किती वेळ. दोन्ही जवळपास सारखे यायला हवेत. "स्" २१ सेकंद आणि "झ्" १३ आला, तर भागाकार १.६ होतो. १.४ च्या वर गेला की दोष छातीचा नाही, स्वरतंतूंचा. दोन्ही आकडे एकसारखेच तोकडे, म्हणजे ७ आणि ७, असतील तर मात्र फुफ्फुसाकडे बघा.

तिसरी चाचणी गाणाऱ्यांसाठी सगळ्यात उपयोगी. तार षड्ज अगदी हळू, शेजारच्या खोलीत झोपलेलं माणूस उठणार नाही इतक्या हलक्या आवाजात लावून बघायला सांगा. जोरात लागतो पण हळू लागतच नाही, किंवा आधी फुस्स हवा येते आणि मग अचानक स्वर पकडतो, तर तंतूंच्या कडेला सूज किंवा गाठ असू शकते. ते वय नव्हे, ती दुखापत आहे आणि बऱ्याचदा बरी होते.

या चाचण्यांनी निदान होत नाही, फक्त कुठे बघायचं ते कळतं. घसा आतून बघणं दोघांच्याही बाबतीत आवश्यक आहे. साधा नियम असा: आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे दुर्बिणीची तपासणी. तंबाखू, मिश्री, बिडी यांपैकी काही असेल तर तीन आठवडेही थांबू नका. आवाज एकाएकी, एक-दोन दिवसांत, पोकळ झाला असेल तर डाव्या बाजूची स्वरतंतूची नस छातीतून वळसा घालून वर येते हे लक्षात ठेवा. छातीतल्या गाठीमुळे किंवा जुन्या क्षयामुळे ती दबली की पहिलं लक्षण आवाजातच दिसतं. पाणी पिताना ठसका लागणं, गिळताना दुखणं, मानेत गाठ, थुंकीत रक्त, यातलं काहीही असेल तर गाणं-बिणं बाजूला. सिव्हिलच्या कान-नाक-घसा ओपीडीत ही तपासणी होते. जाताना "गाणाऱ्या आहेत" हे आवर्जून सांगा आणि जिथे स्ट्रोबोस्कोपी आहे तिथे ती करून घ्या. साध्या दिव्यात तंतू फक्त उघडझाप करताना दिसतात. स्ट्रोबोच्या लुकलुकत्या उजेडात त्यांची लाट दिसते, आणि गाणाऱ्याची बारीक तक्रार त्या लाटेतच सापडते.

त्याच फेरीत आईंची थायरॉइडची तपासणी उरका. थायरॉइड मंदावला की आवाज जड, घोगरा आणि खाली उतरलेला होतो, म्हणजे हुबेहूब पाळीनंतरच्या बदलासारखा. गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांत सुधारतो. हा तपास राहून गेल्यामुळे "वय" म्हणून सोडून दिलेले आवाज कमी नसतील.

औषधांची पिशवीही डॉक्टरांपुढे उलटी करा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, विशेषतः नावाच्या शेवटी "प्रिल" असलेल्या, कोरडा खोकला लागतो. खोकला म्हणजे तंतूंवर हातोडे. बदलून दुसऱ्या गटातली गोळी मिळते. सर्दी-खाजेच्या गोळ्या आणि लघवी जास्त करवणाऱ्या गोळ्या घसा कोरडा करतात. दम्याच्या स्टेरॉइडच्या पंपाने आवाज बसतो आणि घशात बुरशी धरते. स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून घेतला आणि नंतर खळखळून चूळ भरली की बराच फरक पडतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ओरडून गाणं धोक्याचं, तंतूत रक्तस्राव होऊ शकतो. आणि बायकांसाठी एक विशेष: ताकदीसाठी म्हणून कोणी नॅन्ड्रोलोनसारखं पुरुषी गुणाचं हार्मोनचं इंजेक्शन देत असेल तर आधी विचारा. त्याने उतरलेला आवाज बहुतेक परत वर येत नाही. यातली एकही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

समजा तपासणीत काही वाईट निघालं नाही, डॉक्टर म्हणाले वयानुसार आहे. मग पहिलं काम पट्टी. इथे भजनी मंडळींचा अहंकार आडवा येतो, विशेषतः ज्या मंडळांत चढ्या पट्टीत गाणारा तोच खरा गाणारा अशी समजूत आहे. काळी ४ ही कोणी ताम्रपटावर लिहून दिलेली नसते. शोधायची रीत अशी: सकाळी नको, संध्याकाळी, दहा मिनिटं गळा गरम झाल्यावर पेटी घेऊन बसा. "आ"काराने हलक्या आवाजात एकेक पट्टी वर चढत जा आणि जिथपर्यंत न फुटता, न ओरडता स्वच्छ जातं तिथे थांबा. त्या स्वराला तार मध्यम धरा आणि पेटीवर काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजत १७ पट्ट्या खाली उतरा. तिथे तुमचा आजचा षड्ज. उदाहरणार्थ, आईंच्या आताच्या तार षड्जाच्या लगेच वरच्या काळी ५ पर्यंत हलकं जातंय. तर षड्ज येतो पांढरी ४ वर. आता खाली मंद्र धैवतापर्यंत आवाज न दाबता येतोय ना ते बघा. येत असेल तर झालं.

आईंना एकदम तीन पट्ट्या उतरवू नका. मंडळात गोंधळ होईल आणि गळ्याची वर्षांची सवय मोडताना त्या खालचे स्वर दाबून गातील, ते वेगळंच दुखणं. आधी काळी ३. यात एक सोय आहे जी मंडळांच्या लक्षात येत नाही: काळी ४ मध्ये गाताना तबला बहुधा मध्यमात, म्हणजे काळी १ ला मिळवलेला असतो. षड्ज काळी ३ केला की तीच काळी १ पंचम होते. दायाँ (उजव्या हाताचा तबला) तोच, हातोडी न उचलता. चार-सहा महिन्यांनी पांढरी ४ वर जायचं असेल तर पंचम पांढरी १ ला येतो, म्हणजे तोच तबला अर्धा स्वर उतरवायचा. बरेच दायें तेवढं सहन करतात. त्याखाली गेलात तर मोठ्या तोंडाचा दायाँ लागेल. तानपुरा खरा असेल तर दोन पट्ट्या उतरवल्यावर तारा ढिल्या पडून जवारी (तारेचा झंकार) मरते. थोड्या जाड तारा घालून जवारी पुन्हा लावून घ्या. फोनवरचा तानपुरा असेल तर प्रश्नच नाही.

हिशोब पाहा. काळी ३ ला तार षड्ज ३७० वर येतो, काळी ४ ला तो ४१५ होता. जड झालेल्या तंतूला सेकंदाला ४५ फेऱ्या कमी माराव्या लागतात, आणि तार पंचमाला जवळपास ७० कमी. तेवढ्याने अनेकींचं "फुटणं" बरंच कमी होतं. रियाझाआधी हे करायचं, कारण चुकीच्या पट्टीत केलेला रियाझ ताण पक्का करतो.

मग रियाझ. साठीनंतर एका बैठकीत तासभर बसण्यापेक्षा पंधरा-पंधरा मिनिटं तीनदा बसलेलं बरं. स्नायू लवकर थकतो आणि थकलेला गळा आपोआप शेजारचे मानेचे स्नायू मदतीला बोलावतो. गाताना हनुवटी वर उचलली जाते, गळ्याच्या शिरा दिसतात, तो हा क्षण. तिथे थांबायचं.

सुरुवात स्ट्रॉने करा. पोरखेळ वाटेल, पण काम चोख करतो. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी घ्या, ज्यूसची प्लॅस्टिकची स्ट्रॉ दोन सेंटिमीटर बुडेल अशी धरा, ओठ घट्ट मिटून "ऊ" असा आवाज काढत बुडबुडे सोडा. कागदी स्ट्रॉ भिजून चपटी होते, नको. मध्य षड्जावर, मग पंचमापर्यंत मींडेने (स्वर न तोडता सरकत) जाऊन परत, मग मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंत सावकाश सरकत. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. मध्येच तुटले तर जिथे तुटले तोच तुमचा कच्चा स्वर, तिथे दोन-चारदा रेंगाळा. हाताने नाक दाबून बघा: आवाज बदलला तर हवा नाकातून निसटतेय. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. दोन आठवड्यांनी स्ट्रॉ चार-पाच सेंटिमीटर बुडवा. तोंडाशी थोडा अडथळा असला की आतला हवेचा दाब तंतूंना हळुवार एकत्र आणतो. कमी आपटीत जास्त आवाज मिळतो, म्हणून वाकलेल्या आणि सुजलेल्या दोन्ही प्रकारच्या तंतूंना हे मानवतं.

दुसरं, लांब धरणं. सा, रे, ग, म, प या पाच स्वरांवर एकेक करून "ओ" शक्य तितका वेळ आणि शक्य तितका हळू धरायचा. प्रत्येक स्वर दोनदा, सकाळ-संध्याकाळ, सेकंद वहीत लिहून. यात जवळजवळ सगळे एकच चूक करतात: शेवटची हवा पिळून काढतात. आवाज थरथरायला लागला की संपलं, पिळायचं नाही. ९ सेकंदांवरून १४-१५ ला यायला सहा ते आठ आठवडे लागतात. दुसऱ्या आठवड्यात फरक दिसत नाही म्हणून बहुतेक लोक सोडतात.

तिसरं, एकाच स्वरावर लहान-मोठा आवाज: हळू सुरू करून मोठा करत नेणं आणि पुन्हा हळू करून सोडणं. मोठं होणं सगळ्यांना जमतं. परत हळू होताना स्वर खाली घसरतो किंवा तुटतो, तिथे काम आहे. हे पंचमाच्या वर नेऊ नका, निदान पहिले दोन महिने.

खर्जाबद्दल, म्हणजे अगदी खालच्या स्वरांच्या रियाझाबद्दल, वेगळं सांगायला हवं. पहाटे उठून खर्ज लावा, आवाज परत येतो, असं सोलापुरात काय, महाराष्ट्रभर सांगतात. तरुण गळ्याला खर्जाचा फायदा आहेच. पण पाळीनंतर जड झालेल्या आवाजाला खर्ज आधीच सोपा झालेला असतो. त्यात आणखी तास घालवला की आवाज खालीच बसतो आणि वरचा मार्ग गंजतो. आईंनी खर्ज पाच मिनिटं हलका, आणि त्याच्या दुप्पट वेळ मध्य पंचम ते तार षड्ज या पट्ट्यात, हलक्या आवाजात घालवावा. वडिलांना मात्र खर्जाचा उपयोग आहे, कारण त्यांचा तंतू बारीक झालाय. मंद्रात स्वच्छ, किंचित ठाम "आ" लावल्याने तो मिटायला शिकतो. "ठाम" म्हणजे दणका नव्हे.

स्वर डुगडुगण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ते पुढे येणार आहे. निरोगी आवाजातला नैसर्गिक कंप सेकंदाला पाच ते सात हेलकाव्यांचा असतो. वयानुसार तो मंदावतो आणि रुंदावतो, आणि आपल्या गाण्यात स्वर सरळ उभा ठेवायचा असल्यामुळे लगेच ऐकू येतो. आवाज कमी करा, स्ट्रॉ वाढवा, चरण तोडून गा, बराच आवरतो. हनुवटी किंवा हातही हलत असेल तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. चालणं मंद, चेहरा कमी हलणारा आणि आवाज सपाट, हळू झालेला असेल तर पार्किन्सनचा विचार व्हायला हवा. या आजारात आवाजाचा खास व्यायाम असतो आणि तो लवकर सुरू केलेला बरा.

श्वासाच्या जागा वहीत पेन्सिलने टिंब देऊन ठरवा. मंडळात सगळ्या एकाच जागी श्वास घेतात आणि तिथे गाण्यात भोक पडतं. दोघी-दोघींनी वेगळ्या जागी घेतला तर कोणाचाही दम तुटत नाही आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही. एकट्याने गाताना चरण तोडण्यात कमीपणा नाही. कुमार गंधर्वांना क्षयाने गाठलं तेव्हा काही वर्षं गाणं बंद होतं, आणि १९५३ च्या सुमारास ते परतले. त्यांच्या लहान, अचानक फेकलेल्या जागांचं कारण अनेक जाणकार फुप्फुसाच्या त्या आजारात शोधतात. कारण तेच असो वा नसो, लांब श्वासाशिवाय गाणं उभं राहतं हे तिथे ऐकून घ्यावं. आणि "बाईचा आवाज पुरुषी झाला" याची ज्यांना लाज वाटते त्यांनी गंगूबाई हनगल यांच्या "गांधारी" नावाने निघालेल्या सुरुवातीच्या बारीक आवाजाच्या तबकड्या आणि नंतरचं गाणं एकापाठोपाठ ऐकावं. त्यांचा बदल वयाचा नव्हता, घशाच्या उपचारानंतरचा होता. पण त्या नव्या आवाजाला जुन्या पट्टीत न कोंबता त्यांनी त्याच आवाजाची गायकी उभी केली.

राग निवडतानाही हेच. सोहनी, अडाणा, बसंत यांचा जीव वरच्या अंगात. ते कमी करा. पूरिया, दरबारी, मालकंस मंद्र-मध्यात पोटभर गाता येतात. अभंगांच्या चाली तर आपल्याच हातात असतात. तार पंचमाला जाणारी एखादी जागा मध्यमावरून परत फिरवली तर विठोबा रागावत नाही.

सोलापूरच्या हवेचं थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ ला जातो आणि हवा कोरडी असते. प्यालेलं पाणी स्वरतंतूंना थेट लागत नाही, अन्ननलिकेतून जातं. अंगात मुरून तंतू ओले व्हायला तास-दोन तास लागतात. म्हणून मंचावर बसून घोट घेण्यापेक्षा दिवसभर पिणं महत्त्वाचं, अडीच लिटरच्या आसपास, किडनी-हृदयाचं बंधन नसेल तर. थेट पोचते ती फक्त वाफ: साध्या पाण्याची, पाच-दहा मिनिटं. कापूर, निलगिरी, मेंथॉल टाकू नका, त्यांनी थंड वाटतं आणि अस्तर कोरडं पडतं. कूलर चालेल, पण टाकी आणि खसची ताटी धुतलेली हवी, आणि झोत तोंडावर नको. ज्येष्ठमध चघळल्याने लाळ सुटते, तेवढाच फायदा. रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र तो रोज चघळू नये, त्याने दाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. कार्यक्रमाआधी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी टाळा. तिखटापेक्षा त्यातला भुगा त्रास देतो, घसा खाकरत राहतो, आणि खाकरणं खोकल्याचंच धाकटं भावंड. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास. सकाळी आवाज घोगरा आणि तोंड आंबट असेल तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा इंचांच्या विटा ठेवा. उशा वाढवून उपयोग नाही, पोट दुमडतं. कार्तिकात काकड्याला पहाटे गायचं असेल तर उठल्यावर पाऊण तास तरी बोलत फिरा, स्ट्रॉ करा आणि पहिले दोन अभंग मध्यातच घ्या. रात्रभर पडून राहिल्याने तंतूंवर किंचित सूज असते.

आता वडिलांचं. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या पुढे असतो. त्यात वर्षानुवर्षं काम केलं की कानाची ४००० हर्ट्‌झच्या आसपासची ऐकण्याची ताकद आधी जाते, आणि वय त्यात आपली भर घालतं. अभंगाचे मूळ स्वर १००० च्या खालचे, ते त्यांना ऐकू येतात. ऐकू येत नाही ती तानपुऱ्याची जवारी, झांजेची कड आणि स्वतःच्या आवाजातला तजेला. म्हणून त्यांना वाटतं आवाज लागतच नाही, आणि ते आणखी जोर लावतात. शेडमध्ये एकमेकांशी ओरडून बोलायची सवय वर आहेच. चिरकेपणाचं मोठं कारण हा जोर असणार. तेव्हा घशाच्या तपासणीबरोबरच ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करा, ती पुढे ढकलू नका. कवळी असेल आणि ढिली झाली असेल तर ती बसवून घ्या. ढिल्या कवळीला धरून ठेवण्यात जबडा आवळला जातो आणि त्याचा ताण गळ्याला लागतो. नवी कवळी घालूनच सराव करा, जीभ काही आठवड्यांत रुळते.

मांडवात माइकचा उपयोग दोघांसाठी वेगळा. वडिलांनी माइक ओठांपासून दोन-तीन इंचांवर धरावा. साध्या माइकवर इतक्या जवळून खालचा भराव वाढतो आणि बारीक आवाजाला अंग येतं. आईंनी सहा इंच लांब ठेवावा, नाहीतर आधीच जड आवाज बोजड वाटतो. एको कमी करायला सांगा. तो वाढवला की स्वर हलल्याचं गाणाऱ्याला कळत नाही. मॉनिटरचा डबा (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) कानाच्या उंचीवर हवा, पायाशी ठेवला की सगळे ओरडतात.

फट मोठी असेल आणि तीन महिन्यांच्या व्यायामाने "आ" १० सेकंदांच्या पुढे जात नसेल तर स्वरतंतूत हायलुरोनिक आम्लाचं किंवा चरबीचं इंजेक्शन देऊन तो फुगवतात. हायलुरोनिक आम्ल काही महिन्यांत विरघळतं, त्यामुळे आधी तेच करून बघणं शहाणपणाचं. बोलण्याला त्याचा फायदा बहुधा होतो, पण वरच्या स्वरांची हमी कोणीही देऊ नये. ते स्वर हवे म्हणून सुई टोचून घ्यायची असेल तर नको.

श्रवणयंत्र घ्यायचं ठरलं तर एक गोष्ट दुकानातच करा. ही यंत्रं बोलणं ऐकण्यासाठी बनलेली असतात, सलग लांब स्वर आला की त्याला शिट्टी समजून दाबायला जातात, आणि तानपुरा म्हणजे सलग लांब स्वरच. मग वडिलांना तो थरथरल्यासारखा किंवा बेसूर ऐकू येईल आणि ते म्हणतील यंत्र खराब आहे. लावून देणाऱ्याला संगीताचा वेगळा प्रोग्राम करायला सांगा, त्यात शिट्टी रोखण्याची आणि गोंगाट कमी करण्याची सोय बंद किंवा अगदी कमी ठेवायला सांगा. फोनवर तानपुरा लावून, वडिलांना त्यावर षड्ज लावायला लावून, मगच पैसे द्या.